रुको अंकलच्या बारा बाटल्या

चहा पुढ्यात आला की समोरचे काका कपावर बशी पालथी घालत आणि घड्याळाकडे बघत बसत. चांगली चार मिनिटं. पाहुण्यांनीही तसंच करावं अशी त्यांची अपेक्षा असे. "थांबा हो, चहाला जरा स्वस्थ होऊ द्या," म्हणत. लग्न होऊन आर. के. पुरमला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी चहा प्यायले, तो थंडगार होता. नवी नवरी, बोलणार काय? मुकाट्याने गिळला. पुढे बारा वर्षांचा शेजार झाला, पण त्या घरात गरम चहा काही मला मिळाला नाही.

आमच्या जिन्यात आठ बिऱ्हाडं, आणि त्यात मराठी दोनच, आम्ही आणि समोरचे काका. बाकी पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळा भारत देश. काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणी गेलं नाही, कारण पोरांनी त्यांना केव्हाच 'रुको अंकल' करून टाकलं होतं. जिन्यातून धावणाऱ्या पोरांना ते "रुको!" म्हणून ओरडत. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा थरथरत असला की "रुको, रुको, काँटा बैठने दो." सरोजिनी नगरच्या बाजारात काकूंनी एखाद्या स्वेटरला हात लावला रे लावला की मागून आवाज यायचाच. ऑफिसात तर विचारूच नका. कुठल्याशा मंत्रालयात चांगल्या हुद्द्यावर होते, आणि माझे यजमान म्हणत, काकांच्या टेबलावरची फाइल आणि घरातली आंब्यांची आढी, दोन्ही सारखीच. आतून वास सुटल्याशिवाय उघडायची नाही.

आणि हे कुठल्या काळात, तर सगळी दिल्ली धावत सुटली होती तेव्हा. नव्वदची ती वर्षं. ज्याच्या घरी एक चॅनल दिसत नव्हतं त्याच्या घरी चाळीस दिसायला लागली. स्कूटरी गेल्या, मारुत्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या चड्ढासाहेबांनी गुडगावला फ्लॅट बुक केला, तेव्हा तिथे मोहरीची शेतं होती आणि रात्री कोल्हेकुई. काका म्हणाले, "रुको चड्ढाजी, अभी तो वहाँ सियार रहते हैं." चड्ढा म्हणाले, "काकाजी, जब तक आप जाओगे, सियार भी फ्लैट ले चुके होंगे." काकू बिचाऱ्या दर दोनचार महिन्यांनी काकांना गुडगावला एखादा फ्लॅट बघायला ओढून नेत. काका भिंतीला हात लावून परत येत. "प्लास्टर ओलं आहे अजून. वाळू दे." त्या भिंती वाळल्या, त्यांत माणसं राहायला आली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली. आमचे काका आपले क्वार्टरमध्येच.

पण काकांच्या थांबण्याचा कळस कुठला, तर त्या बारा बाटल्या.

काकांचं घर नाशिककडचं, द्राक्षबागाईतदार. थोरले भाऊ अण्णा, वहिनी, दोन पुतणे, त्यांच्या बायका, सगळे बागेत राबणारे. धाकटे काका तेवढे शिकून दिल्लीला आले. तर ह्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात कशाची म्हणून घाई केली नाही, त्यांनी एक गोष्ट मात्र झटक्यात केली. "अण्णा, जग उघडतंय. खायची द्राक्षं सगळेच लावतात. आपण वाइनची लावू," असं पत्र घरी धाडलं. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या थेंबाचा विटाळ. गावाने वेड्यात काढलं, भावकीने टोमणे मारले. पण अण्णा एवढंच म्हणाले, "बाळ्या दिल्लीत असतो. त्याला कळतं." आणि वडिलांच्या हातचा दोन एकरांचा मांडव उतरवून त्यांनी तांबड्या वाइनची वेल लावली. एका पुतण्याने कुठे कुठे फिरून वाइन करायची विद्या शिकून घेतली, आणि शेडमध्ये पिंपं मांडून घरची वाइन घरीच सुरू झाली.

पहिलं चांगलं साल साधलं तेव्हा अण्णांनी बारा बाटल्या दिल्लीला पाठवल्या. लेबल कुठलं असायला? जखमेला लावतात त्या चिकटपट्टीवर सुनेने पेनने साल लिहिलं होतं, बस. सोबत अण्णांची चिठ्ठी होती. काकांनी ती आम्हाला इतक्यांदा वाचून दाखवली की मला पाठ झाली. 'मला माळ आहे, मला त्यातले कळायचे नाही. तू पिऊन बघ आणि सांग, जमले का नाही. घेणारा घ्यायला आला म्हणजे गोडच बोलतो. घरच्या माणसाने सांगितले पाहिजे.'

बास, एवढंच मागणं होतं. एक बाटली उघडायची, दोन घोट घ्यायचे, एक कार्ड टाकायचं. दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी केलं असतं. पण चिठ्ठी आली होती कुणाला? रुको अंकलना! त्यांनी लायब्ररीतून वाइनवरचं जाडजूड पुस्तक आणलं, पंधरा दिवस वाचलं आणि उलट कळवलं, 'तांबडी वाइन मुरावी लागते. दहा वर्षांनी उघडून सांगतो.'

दहा वर्षं! अण्णा दर रविवारी फोन करायचे. पीक, पाऊस, वेलींवर भुरीचा रोग पडला का, सगळं बोलून झालं की शेवटी हळूच विचारायचे, "बाळ्या, उघडली का रे?" काका म्हणायचे, "थांब अण्णा. मुरतेय." फोनवर काका इतके मोठ्याने बोलत की हा संवाद दर रविवारी समोरच्या घरात आम्हालाही ऐकू यायचा, आणि सासूबाई जपमाळ थांबवून म्हणायच्या, "मेल्याला एवढं काय ते जड जातंय?"

बाटली उघडली नाही तरी ज्ञान वाटायला काकांची ना नव्हती. वाइन प्यायची कशी, हे त्यांनी आमच्या अख्ख्या जिन्याला शिकवलं, कोकम सरबतावर. स्टीलच्या पेल्यात सरबत घ्यायचं, पेला गरागरा फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. बंगाली वहिनींना ठसका लागला. माझं सरबत नव्या साडीवर सांडलं. काका म्हणाले, "वैशाली, मनगट सैल सोड, मनगट." साडीचा डाग गेला नाही तो नाहीच.

दिल्लीच्या उन्हाळ्यात बाटल्या थंड कशा ठेवायच्या, हा मोठाच प्रश्न होता. काकांनी त्या पलंगाखाली ओळीने आडव्या निजवल्या. "आडवीच ठेवायची. बूच आतून ओलं राहिलं पाहिजे. सुकलं की हवा शिरते आणि वाइन आंबते." वर ओलं गोणपाट. मे महिन्यात तर त्यांनी कूलरचं तोंडच पलंगाखाली वळवलं. काकू आणि त्यांचा मुलगा वर घाम पुसत पडलेले, आणि खाली बारा बाटल्या गार वाऱ्यात. काकू मला म्हणाल्या, "सवतीला कूलर, आणि मला पंखा! बघ गं बाई माझं नशीब." पण ह्यात एक नियम होता. बाटल्यांना हात लावायचा नाही, हलवायचं नाही, उगाच बघायचं नाही. "झोपलेल्याला उठवू नये," म्हणायचे काका.

चौथ्या की पाचव्या वर्षी दिवाळीआधी क्वार्टरला सफेदी करायला माणसं आली. सगळं सामान बाहेर. काकू आणि मी कंबर कसून उभ्या. बाटल्यांचं काय करायचं? काकूंनी रजयांची लोखंडी ट्रंक उघडली. थंडी आली होती, रजया निघाल्या होत्या, ट्रंक रिकामी. आम्ही दोघींनी त्या बाटल्या पुसून-बिसून नीट उभ्या रचल्या, आपटू नयेत म्हणून मधे जुनी लुगडी खोचली, आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं. आमच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. लोणच्याची बरणी कधी कुणी आडवी ठेवते का? काकू म्हणाल्यासुद्धा, "आता कशा शहाण्यासारख्या दिसतात." काका ऑफिसातून आले. ट्रंकेत, लुगड्यांत, वर एक रजई, असं ऐकलं आणि खूश झाले. "वा, ऊब नको, गारठा नको. उत्तम." झाकण उघडून बघितलं नाही. झोपलेल्याला उठवायचं नव्हतं ना!

आठव्या वर्षी, हिवाळा सरता सरता, अण्णा दिल्लीला आले. दुखणं घेऊनच. पोटात गाठ होती. नाशिकच्या डॉक्टरांनी दिल्लीचं मोठं हॉस्पिटल सुचवलं, आणि भावाचं क्वार्टर होतंच. धोतर, टोपी, अंगावर स्वेटर, आणि इतके वाळलेले की स्वेटर खुंटीला लावल्यासारखा दिसायचा. पण जीभ तेज. आल्या आल्या आमच्या बाल्कनीतली माझी लाडकी जाई बघितली आणि माझ्याच स्वयंपाकघरातल्या कात्रीने बुंध्यापर्यंत कापून टाकली. मी रडकुंडीला आले. "रडू नको माउली," म्हणाले, "हिला खरड छाटणीच पाहिजे होती. लाड करून कुठं वेल वाढते काय?"

हॉस्पिटलात पंधरा दिवस तपासण्या झाल्या, आणि एक दिवस डॉक्टरांनी काकांना आत बोलावून सांगितलं की घरी न्या, आवडेल ते खायला घाला. काकांनी अण्णांना सांगितलं, "थोडा वेळ लागेल म्हणाले, पण बरं होईल." अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी घरी थोरल्या मुलाला फोन लावायला सांगितलं. मुलांचं महिनाभर चाललं होतं की वाइनची वेल काढून पुन्हा खायची द्राक्षं लावू, त्यांना खात्रीचं गिऱ्हाईक आहे. एप्रिलच्या छाटणीच्या आत काय ते ठरवायचं होतं, आणि अण्णांच्या शब्दाशिवाय वेलीला कुणी हात लावणार नव्हतं. अण्णा फोनवर म्हणाले, "चार दिवस दम धरा. बाळ्याला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिचडी घेऊन गेले, तर अण्णा पलंगावर बसलेले आणि काका समोर खुर्चीत. सासूबाईही अण्णांना बघायला आल्या होत्या.

"बाळ्या," अण्णा म्हणाले, "उघड."

"अण्णा, दोन वर्षं राहिली रे. दहाचं म्हटलंय पुस्तकात. तू बरा झालास की—"

"अरे, मी काय बाटली आहे का, आडवं ठेवलं की मुरत राहायला?"

काका हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. उठले, ट्रंकेपाशी गेले, झाकण उघडलं. तोंडाला फडकी बांधलेल्या, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या उभ्या बाटल्या. ते बघतच राहिले. मला ट्रंकेत शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

त्यात आणखी एक. आठ वर्षं वाइनवर प्रवचनं देणाऱ्या ह्या माणसाच्या घरात बूच काढायचं साधं यंत्र नव्हतं! मी धावत खाली चड्ढांकडे गेले. त्यांच्याकडे असणारच, होतं. पहिली बाटली उघडली. बूच हातातच भुगा झालं. काकांनी पेल्यात ओतली, आणि फिरवायचं वगैरे विसरून सरळ घोट घेतला. त्यांचा चेहरा मी बघितला. "जरा... मला वाटतं हवा लागू द्यावी," म्हणाले.

अण्णांनी पेला मागून घेतला. प्यायले नाहीत, फक्त नाकाजवळ नेला. पन्नास वर्षं द्राक्षांत काढलेलं नाक ते.

"आंबलीय," म्हणाले. "दुसरी बघ."

दुसरी तशीच, तिसरी तशीच. चौथी उघडली तेव्हा वास खोलीभर झाला, आणि पाचवीला काकांनी हात घातला तेव्हा अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. "राहू दे." अण्णा स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे कळायचं नाहीच. बापाचा मांडव उतरवला मी ह्याच्यापायी."

अहो, अण्णांचा तो चेहरा मला अजून बघवत नाही.

आणि तेवढ्यात आमच्या सासूबाई! चातुर्मासात कांदालसूण घराबाहेर ठेवणाऱ्या, चमच्याभर खोकल्याच्या औषधाचाही आधी वास घेऊन बघणाऱ्या सासूबाई, घसा खाकरून म्हणाल्या, "चांगली होती."

"काय चांगली होती?" मी विचारलं.

"हीच. मी प्यायलेय."

काकू म्हणाल्या, "अहो आजी!" पण सासूबाई आता थांबणाऱ्या नव्हत्या. "टायफॉइड झाला होता बघा मला, सफेदीच्या आधीच्या हिवाळ्यात. अंगात त्राण नव्हतं. ह्या बाईने बूच आत ढकलून बाटली आणून दिली, द्राक्षांचं आहे, शक्तीचं आहे, दोन-दोन चमचे घ्या म्हणाली. नवऱ्याला सांगितलं फुटली. दोन चमचे कसले? मी आपली वाटी घेत होते. आठ दिवसांत संपली."

ट्रंकेत अकराच बाटल्या होत्या हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि त्या हिवाळ्यात आमच्या सासूबाई रात्रीच्या जेवणानंतर अभंगाला चाल का लावत होत्या, तेही.

पण अण्णा पुढे सरकले होते. "कशी होती माउली? नीट आठवून सांगा. गोड?"

"गोड नाही हो. गोड असती तर मी वाटीभर प्यायलेच नसते, मला शुगर आहे. आधी जरा आंबट लागायची, मग जिभेच्या कडांना जांभूळ खाल्ल्यासारखी तुरट. आणि गिळली की..." सासूबाईंनी छातीवर हात ठेवला, "इथे बरं वाटायचं. बराच वेळ."

"घसा जळायचा?"

"छे! मुळीच नाही."

"पिऊन झाल्यावर तोंडाला वास कसला?"

"मातीचा. पाणी शिंपल्यावर येतो ना अंगणाला, तसा."

अण्णांचे डोळे भरून आले. खरं सांगते, मीही रडले, आणि काकूही. "विहिरीकडच्या ओळी त्या," अण्णा म्हणाले. "तिथली माती तशीच आहे. बरोबर आहे. जमलंय म्हंजे." आणि सासूबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. सासूबाई लाजून चूर. अण्णांनी त्याच बैठकीत मुलाला फोन लावायला लावला. "वेल काढायची नाही. छाटणी धरा. घरच्या माणसानं सांगितलंय."

संध्याकाळी काका स्वयंपाकघरात त्या चार बाटल्या मोरीत ओतत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, बाटल्या मी उभ्या ठेवल्या. मी आणि काकूंनी. मला माहीत नव्हतं हो. आमच्यामुळे नासल्या." ते ओतत राहिले. बाटली रिकामी झाली तेव्हा म्हणाले, "तुम्ही उभ्या ठेवल्यात गं, वैशाली. पण आठ वर्षं तो दर रविवारी विचारत होता, आणि उघडली नाही ती मी."

त्यांना मी एरवी किती हसायची! त्या दिवशी मात्र त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी बाटल्या विसळायला घेतल्या.

चार दिवसांनी अण्णांचा थोरला मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. काका म्हणाले, "मार्चअखेरचं काम उरकलं की रजा टाकतो आणि येतो." काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. हा माणूस रजेचा अर्जसुद्धा आठवडाभर खिशात ठेवून मग देणारा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमचं दार वाजलं. काका दारात, हातात पिशवी, पायात चपला उलट्यासुलट्या. चहा टाकला होता, म्हटलं घ्या. त्यांनी कप घेतला आणि तो उकळता चहा उभ्या उभ्या घशात ओतला. जीभ पोळली असणार. "रजेचा अर्ज ऑफिसात पोचवायला सांग तुझ्या नवऱ्याला," म्हणाले, "आणि काकूला उद्याच्या गाडीत बसवून द्या. मी पुढे जातो." मी विचारलं, "रिझर्वेशन?" तोवर ते अर्धा जिना उतरलेसुद्धा होते. ज्या माणसाने तीन महिने आधी तिकीट काढल्याशिवाय कधी प्रवास केला नाही, तो जनरलच्या डब्यात दाराशी बसून नाशिकला गेला.

अण्णा एप्रिलच्या छाटणीपर्यंत राहिले. काकांना भावाजवळ एकोणीस दिवस मिळाले. रोज सकाळी खुर्चीत बसवून अण्णाला बागेत नेत होतो, दोघं विहिरीकडच्या ओळींपाशी बसत होतो, असं काका परत आल्यावर सांगत होते. बोलायचात काय, असं मी विचारलं. म्हणाले, "काही नाही गं. तो छाटणी बघायचा, मी त्याच्याकडे बघायचो."